गिऱ्हाईक वाचेल असं लिहायचं कसं? 'किर्लोस्कर खबर'पासून गल्ल्यावरच्या वहीपर्यंत



मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की धंदा कितीही छोटा असू दे, त्याच्याबद्दल नियमित लिहा, महिन्यातून दोनदा का होईना. त्यावर शहापूर, किन्हवली, मुरबाड, सरळगाव या बाजूच्या बऱ्याच जणांनी फिरून फिरून एकच विचारलं, "मॅडम, लिहू हो, पण काय लिहू? आणि वाचणार कोण?" दहा मिनिटांच्या व्हिडिओत याचं उत्तर बसत नाही, म्हणून हा लेख. चहा घेऊन बसा, लांब आहे.

माझं शहापुरात पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे हे जुन्या मंडळींना माहीत आहे. पाऊच, बरण्या, लेबलं, सीलिंग मशिन. माझ्याकडे येणारे निम्मे लोक नवीन धंदा सुरू करणारे असतात. नाचणीचे पापड, गावठी तांदूळ, मसाला, लोणचं, करवंदाचं सरबत. लेबलाच्या रंगावर तासभर चर्चा होते. पण पाऊच एकदा गिऱ्हाइकाच्या घरी गेला की त्याच्याशी परत बोलायचं कसं, यावर पाच मिनिटंही विचार झालेला नसतो. आज त्या पाच मिनिटांचंच बोलू.

हे आत्ता का, तेही सांगते. आपल्या भागातला धंदा वर्षानुवर्षं रस्त्यावर चालला. मुंबई-नाशिक हायवेवर गाडी थांबली, माणूस उतरला, चहा प्यायला, दोन किलो तांदूळ घेऊन गेला. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. आता जी गाडी वरून जाते, तिला खर्डी-कसाऱ्याचा ढाबा दिसतच नाही. वरून जाणारा माणूस तुमच्याकडे यायचा असेल, तर त्याला तुम्ही आधीच माहीत असायला हवं, म्हणजे घरून निघतानाच. मुरबाडकडे वेगळी अडचण. तिथे रेल्वे नाही, कल्याणहून रस्त्यानेच यावं लागतं. म्हणजे सहज आला आणि दुकान दिसलं असं होत नाही, माणूस ठरवून येतो. आणि ठरवताना तो काय करतो? मोबाईल काढतो आणि विचारतो. तिथे तुमचं उत्तर सापडलं पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वी हे एकाने करून दाखवलंय

मला बरेच जण सांगतात की हे लिहिणं-बिहिणं अमेरिकेतलं फॅड आहे. अजिबात नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या मराठीत आहे आणि तेही एका नांगराच्या कारखान्यातलं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे लोखंडी नांगर बनायला लागले. माल चांगला, किंमत रास्त. पण शेतकरी हात लावेना! लोखंडाने जमिनीत विष जातं, अशी लोकांची समजूत होती. पहिले नांगर खपायला बराच काळ गेला. आता विचार करा, अशा गिऱ्हाइकाला "आमचा नांगर उत्तम, आजच घ्या" अशी जाहिरात देऊन काय उपयोग? त्याला नांगराची शंका नव्हती, त्याला नवीन गोष्टीचीच भीती होती.

१९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं छोटंसं पत्रक. कारखान्यात काय चाललंय, नांगर कसा वापरायचा, अशा गोष्टी गिऱ्हाइकांपर्यंत, एजंटांपर्यंत पोचवायच्या, एवढाच मूळ हेतू. पण शंकरराव स्वतः चित्रकार, हौशी आणि डोक्याने मोकळे. त्यांनी हळूहळू त्यात कारखान्याच्या पलीकडच्या गोष्टी आणल्या. उद्योग कसा करावा, विज्ञान काय सांगतं, जुन्या रूढी का सोडाव्यात, गोष्टी, व्यंगचित्रं. वाचणारा वाढत गेला. पुढे नावातलं 'खबर' गळून पडलं आणि ते नुसतं 'किर्लोस्कर' मासिक झालं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात छापून येत. १९३० मध्ये बायकांसाठी वेगळं 'स्त्री' मासिक निघालं, १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'. नांगराच्या कारखान्याच्या पत्रकातून तीन मासिकं! ज्या घरात कधी शेतीचं अवजार आलं नसेल, त्या घरात किर्लोस्कर हे नाव पोचलं ते या कागदांमुळे.

अमेरिकेतल्या जॉन डिअर कंपनीनेही १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचं मासिक काढलं आणि ते आजही चालू आहे. दोन्हीकडे नांगरवाले, दोन्हीकडे शेतकरी वाचक. योगायोग म्हणा, पण मला यात एक कारण दिसतं. नांगर माणूस रोज घेत नाही. वर्षानुवर्षांत एकदा घेतो. मग मधल्या काळात त्याच्या लक्षात राहायचं कसं? त्याच्या कामाचं काहीतरी देत राहून.

आता यातून आपल्यासाठी काय काय निघतं ते बघा. पहिलं म्हणजे, 'खबर' चाललं कारण ते वाचणाऱ्याबद्दल होतं. कारखान्याबद्दल कमी कमी होत गेलं आणि खप वाढत गेला. आपल्याकडे उलट असतं. "आमच्याकडे उत्तम दर्जाचा, घरगुती, रास्त दरात..." हे वाक्य शहापूर ते टोकावडे प्रत्येक बोर्डवर आहे. कुणी वाचत नाही. दुसरं, त्याला एक माणूस होता. कारखान्यात शंभर कामं असताना हे काम एकाच्या अंगावर होतं. तुमच्या घरात ते कोणाच्या अंगावर आहे ते ठरवा. "आम्ही सगळे मिळून लिहू" म्हणजे कोणीच लिहीत नाही, हे बचतगटांमध्ये मी इतक्यांदा बघितलंय की आता मी पहिलाच प्रश्न तो विचारते. आणि तिसरं, पत्रकाचं मासिक व्हायला वर्षं गेली. पहिल्या तीन लेखांत फोन वाजायला लागतील अशी अपेक्षा धरू नका.

गल्ल्यावर एक वही ठेवा

विषय कुठून आणायचे, याचं माझं उत्तर साधं आहे. दोनशे पानी वही घ्या, गल्ल्याशेजारी ठेवा, वर दोरीने पेन बांधा (नाहीतर पेन जातं). गिऱ्हाईक जो प्रश्न विचारेल तो त्याच्याच शब्दांत लिहा. फोनवर विचारलेलाही लिहा. तुमच्या भाषेत सुधारून लिहू नका. तो म्हणाला "हा भात गिचका का होतो?" तर "गिचका"च लिहा. कारण मोबाईलमध्येही तो तेच विचारणार आहे.

महिनाभरात वहीत चाळीस-पन्नास प्रश्न होतात. त्यातले बरेच तेच तेच असतात. जो प्रश्न पाचदा आला, तो तुमचा पहिला लेख.

समजा तुमचा तांदळाचा धंदा आहे. झिनी म्हणा, वाडा कोलम म्हणा. वाडा कोलमला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यामुळे मुंबईतला माणूस आता नाव घेऊन मागतो. आता दोन लेख बघा. पहिला असा:

"आमच्याकडे शुद्ध, सुगंधी, उच्च प्रतीचा तांदूळ योग्य दरात मिळेल. एकदा अवश्य भेट द्या."

दुसरा असा:

"दिवाळीनंतर नेलेला तांदूळ गिचका झाला असं बऱ्याच ताई सांगतात. तांदूळ खराब नाही, तो नवा आहे. नव्या तांदळात ओलावा जास्त असतो, त्यामुळे तो पाणी कमी पितो. नेहमीच्या मापाने पाणी घातलं की भात चिकट होतो. पाणी थोडं कमी घाला, पहिल्यांदा एकाच वाटीचा करून बघा. मोकळा भात किंवा पुलाव करायचा असेल तर जुना तांदूळ मागा, आमच्याकडे दोन्ही वेगवेगळे ठेवलेले असतात. लहान मुलांना आणि आजारी माणसाला मऊ भात लागतो, त्यांना नवाच बरा."

दुसऱ्यात "उत्तम" हा शब्द एकदाही नाही. पण वाचणाऱ्या बाईला कळलं की या माणसाला तांदळातलं कळतं. आणि ती हा मजकूर बहिणीला पाठवणार, कारण बहिणीचाही भात गिचका होतोय. पहिला मजकूर कोण कोणाला पाठवेल?

वही ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे, तो मी आधी मोजला नव्हता पण आता सगळ्यांना सांगते. प्रश्न लिहिले की दुकानातल्याच गोष्टी सुधारतात. सात जणांनी विचारलं "हे किती दिवस टिकतं?" तर लेख नंतर, आधी ते लेबलवर मोठ्या अक्षरात छापा.

एकाच माणसाला लिहा

"सगळ्यांसाठी" लिहिलेलं कोणासाठीच नसतं. लिहायला बसताना एक माणूस डोळ्यांसमोर आणा.

माहुलीच्या पायथ्याला तुमचं घरगुती जेवणाचं किंवा राहण्याचं आहे असं धरा. माहुली हा ठाणे जिल्ह्यातला किल्ला, ट्रेकवाले येतातच. तुमचा वाचक म्हणजे डोंबिवलीतली, नोकरी करणारी पंचविशीतली मुलगी, शुक्रवारी रात्री मैत्रिणींबरोबर ग्रुपवर ठरवतेय. तिला काय हवंय? किल्ल्याचा इतिहास तिला शंभर ठिकाणी मिळेल. शिवरायांचं बालपण आणि माहुली यावर आधीच भरपूर लिहिलंय. तिला हवंय: सकाळची कोणती कसारा लोकल पकडली की आसनगावला वेळेत उतरता येईल, स्टेशनबाहेर रिक्षा कुठे उभ्या असतात, माहुली गावापर्यंत किती घेतात, परत येताना रिक्षा मिळते का, वर पाणी आहे का, मुलींना कपडे बदलायला जागा आहे का, शाकाहारी जेवणाला किती दिवस आधी सांगायचं. हे सगळं तुम्हाला पाठ आहे! तुम्हाला ते "लिहिण्यासारखं" वाटत नाही एवढंच. आणि पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर, घाटात बंदीचे आदेश काढतं. त्या आठवड्यात "आज बंदी आहे, येऊ नका" असं स्पष्ट लिहिणाऱ्याचा फोन लोक सेव्ह करून ठेवतात. एक रविवार गेला, पण गिऱ्हाईक कायमचं आलं.

दुसरं उदाहरण एकदम वेगळं. शहापुरातल्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेलीचा धंदा उभा केला आणि डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून त्यांना मोठ्या ऑर्डरी मिळाल्या. केंद्र सरकारने हे स्वतः प्रसिद्ध केलेलं आहे. आता विचार करा, कंपनीचा खरेदी अधिकारी वाचणार असेल तर त्याला काय हवं? माल किती टन, कोणत्या महिन्यात, वाळवलेला कसा, ओलावा किती, गोणी किती किलोची, जंगलातून तोडताना मूळ वेल मारली जात नाही ना. आणि हीच गुळवेलीची पावडर कल्याणच्या घरगुती गिऱ्हाइकाला विकायची असेल तर लेख पूर्ण वेगळा. दोन वाचक, दोन लेख. किर्लोस्करांनी तर तीन मासिकं केली.

लिहिताना

लिहायला जमत नाही म्हणणाऱ्यांना मी सांगते, बोला. मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं, मराठी निवडा आणि गिऱ्हाइकाला सांगता तसं बोला. टाइप होतं. मग चुका सुधारा. आगरी, कुणबी, ठाकरी वळणाचे शब्द आले तर राहू द्या, पुण्याची भाषा आणायला जाऊ नका. आपल्याकडे येणाऱ्या माणसाला गावाची चव हवी असते. मात्र आकडे, पत्ता, वेळ, दर हे तपासून, शुद्ध.

शीर्षकात लोक जे विचारतात तेच घाला. "निसर्गाच्या कुशीत एक दिवस" असं शीर्षक कोणी शोधत नाही. "माळशेज घाटात जाताना जेवण कुठे मिळेल" हे शोधतात. उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या, पाल्हाळ नंतर. बरेच जण मराठीच इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून गावाचं आणि मालाचं नाव एकदा तसंही लिहून ठेवा, फोटोच्या खाली चालेल. दर लिहिलात तर तारीख घाला. दोन वर्षांपूर्वीचा दर वाचून आलेला माणूस दुकानात भांडतो आणि त्याचं चूक नसतं.

फोटो तुमचेच हवेत. थोडा अंधुक असला तरी तुमच्याच खळ्यावरचा. इंटरनेटवरून उचललेला फोटो १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचा असतो, हा एक भाग. दुसरा भाग असा की केरळच्या शेताचा फोटो मुरबाडच्या तांदळावर लावलेला गिऱ्हाइकाला कळतो. आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. मोह वेचणाऱ्या बाया, पाड्यावरची मुलं यांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. त्यांचं काम दाखवा, नाव लिहा, पण आधी विचारा आणि फोटो त्यांना दाखवा. आपल्या मालाला "आदिवासी" म्हणून भाव मिळतो आणि ज्यांचा फोटो आहे त्यांना माहीतच नाही, हे मला पटत नाही.

मोबाईलवरच्या एआयकडून लेख लिहून घेणारेही आता आहेत. शुद्धलेखन तपासायला वापरा, हरकत नाही. पण त्याला म्हटलं "मुरबाडबद्दल लिही" तर ते जे देतं ते कुठल्याही तालुक्याला चालतं. तुमच्या वहीतले प्रश्न त्याच्याकडे नाहीत.

आपल्या भागाचं वर्ष

महिन्याला दोन लेख, वर्षाला चोवीस. यापेक्षा जास्त ठरवू नका, मोडतं. तारीख पक्की करा, १ आणि १५ म्हणा.

आणि हंगामाच्या महिनाभर आधी लिहा, कारण लोक आधी ठरवतात. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, तर मोहाच्या लाडवांचा लेख फेब्रुवारीच्या शेवटी. करवंदं, जांभळं मे-जूनची, तर सरबताच्या बाटल्यांबद्दल एप्रिलमध्येच. माळशेजचा पाऊस जुलैत, पण जेवणाची आणि राहण्याची सोय जूनच्या सुरुवातीला सांगा. पहिल्या पावसानंतर रानभाज्या. टाकळा, कुरडू, शेवळं कशी ओळखायची, शेवळं घशाला खाजतात म्हणून त्यात काकडं का घालतात, हे मुंबईतल्या मराठी माणसाला वाचायला प्रचंड आवडतं, आईची आठवण येते. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतो. त्यानंतर पाणी असलेल्या गावांत भेंडी लागते, आपली भेंडी परदेशात जाते हे कितीतरी गिऱ्हाइकांना माहीतच नाही, सांगा की! पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा. घोंगडी, बैल, भांडी, खाजा. यात्रेच्या आधी "म्हशाला कसं जायचं, गाडी कुठे लावायची, घोंगडी घेताना काय बघायचं" असा लेख घोंगडी न विकणाऱ्यानेही लिहावा. यात्रेला येणारा माणूस वाटेत तुमच्याकडे थांबेल.

दरवर्षी हेच चक्र येतं. म्हणून पहिल्या वर्षी लिहिलेले लेख दुसऱ्या वर्षी फेकायचे नाहीत. दर बदला, नवीन फोटो घाला, नवीन प्रश्न जोडा, तारीख टाका. दुसऱ्या वर्षी मेहनत निम्मी होते.

स्वतःचं घर आणि भाड्याचं घर

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब ही सगळी भाड्याची घरं. वापरायचीच, मीही वापरते. पण मालक दुसरा आहे हे लक्षात ठेवायचं. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे आपल्या 'आपली आजी', नातू यश पाठक याच्या मदतीने २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात यूट्यूबवर आल्या आणि काही महिन्यांत घराघरात पोचल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं चॅनल हॅक झालं. काही दिवसांनी परत मिळालं, हे नशीब. कल्पना करा, ज्या आजींनी मोबाईल कधी नीट हातात धरला नव्हता, त्यांची सगळी कमाई आणि मेहनत एका पासवर्डवर होती.

म्हणून आज, लेख वाचून झाल्यावर लगेच, तुमच्या ईमेलला आणि सगळ्या खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. खात्याला जोडलेला नंबर तुमच्या स्वतःच्या नावावरचा हवा. दुकानातल्या पोराचा नको, तो उद्या दुसरीकडे कामाला जातो.

शक्य झालं तर स्वतःच्या नावाची छोटी वेबसाइट घ्या. डॉट इन नाव वर्षाला काही शे रुपयांत मिळतं. पहिल्या वर्षी स्वस्त आणि रिन्यूअल महाग असतं, ते आधी विचारा. आणि हे ठळक करून वाचा: नाव विकत घेताना ते तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावावर घ्या. साइट बनवणारा कोणीही असो, भाचा असो नाहीतर कल्याणचा एजंट. नाव त्याच्या खात्यावर असेल तर दुकान तुमचं आणि पाटी त्याची. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांना या भानगडीत त्रास झालाय, त्यांच्यात हे एकच कारण सारखं सारखं दिसतं.

गुगलवर दुकानाचं प्रोफाइल फुकट होतं, ते तर पाहिजेच. वेळ, सुट्टी, फोन, फोटो. व्हॉट्सअॅप बिझनेसवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. त्यामुळे पाऊचच्या मागे छापा, "हा नंबर सेव्ह करा, महिन्यातून दोनदा कामाचं पाठवू." आणि दोनदाच पाठवा. रोज गुड मॉर्निंग पाठवलंत की ब्लॉक.

जिथे अडकाल

औषधी दावे. आपल्याकडे रानातला माल खूप, आणि लिहिताना हात सैल सुटतो. "गुळवेलीने डायबेटिस बरा होतो", "जांभळाच्या बियांची पावडर घ्या, गोळ्या बंद करा." असं लिहू नका. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा अशा जाहिरातींसाठीच आहे आणि त्याच्या यादीत मधुमेह, कॅन्सर असे आजार आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, कोणी तुमचं वाचून गोळ्या खरंच बंद केल्या तर? "आमच्याकडे पूर्वापार असं वापरतात" एवढं लिहा आणि "डॉक्टरांना विचारा" हे बारीक अक्षरात नको. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर लेबलवर असतो तसाच लेखाखालीही टाका, विश्वास बसतो.

शेजारच्या दुकानावर टीका नको. तालुका छोटा आहे, लग्नात भेटतात.

चाललंय की नाही हे कसं कळणार

किती जणांनी बघितलं हा आकडा मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. नागपूरच्या पाच हजार लोकांनी वाचलं आणि आसनगावच्या एकानेही नाही, तर तुमच्या पोळी-भाजी केंद्राला काय उपयोग? लेखांवर जाहिराती लावून पैसे मिळवायच्या मागेही लागू नका. जाहिरातीतून चार पैसे मिळायला वाचक फार लागतात, आणि तुमच्या तांदळाच्या लेखाशेजारी दुसऱ्याच तांदळाची जाहिरात दिसते.

त्यापेक्षा बिलबुकात एक बारीक रकाना वाढवा: "कुठून कळलं?" प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला विचारा. ओळखीतून, बोर्ड बघून, गुगलवर, व्हॉट्सअॅपवर कोणीतरी पाठवलं. महिन्याच्या शेवटी मोजा. सहा महिन्यांनी "कोणीतरी पाठवलं" वाढलं असेल तर लिखाण लागलंय. नसेल वाढलं तर वही काढा आणि बघा, तुम्ही गिऱ्हाइकाच्या प्रश्नांवर लिहिताय की स्वतःच्या कौतुकावर.

आणि एक माप मला फार आवडतं. फोनवर नवीन माणूस "तांदूळ आहे का?" न विचारता "जुना झिनी पाच किलो ठेवा, पुलावाला हवाय" म्हणाला, की समजायचं तो वाचून आलाय.

आता काम. वही आजच आणा. येत्या १५ तारखेपर्यंत निदान वीस प्रश्न लिहा आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला एक घेऊन दीडशे शब्द लिहा, जास्त नको. पुढच्या व्हिडिओत मी तुमच्यापैकी पाच जणांचे लेख स्क्रीनवर घेऊन ओळीने ओळ दुरुस्त करणार आहे. एक तांदळाचा, एक होमस्टेचा, एक नर्सरीचा हवाच. पाठवताना वहीच्या पानाचा फोटोही पाठवा, लेखापेक्षा मला तो आधी बघायचाय.